रथसप्तमीचा पाव

“आई, फुगला! खरंच फुगला, मैंने देखा!”

“तुझी सावली पडतेय त्याच्यावर. आधी बाजूला हो बघू.”

उत्कर्षा बाजूला झाली, पण नजर काही काचेवरून हलेना. गच्चीच्या गरम फरशीवर पालथी पडून, हनुवटी टेकवून ती पेटीच्या आत बघत राहिली. निशिगंधाने ओढणी कमरेला घट्ट खोचली आणि पेटी वीतभर सूर्याकडे वळवली. आरशातलं ऊन सरकत सरकत काचेवर आलं, आतल्या काळ्या डब्यांवर पडलं, आणि डब्यांतले गोळे मघापेक्षा खरोखरच दुप्पट दिसायला लागले. निशिगंधाला एकदम शाळेत असल्यासारखं वाटलं. निकाल भिंतीवर लागलाय, पुढे ही गर्दी आहे आणि आपला नंबर तेवढा दिसायचा बाकी आहे, तसं काहीतरी.

“मी टच नाही केला हां, आई.”

“शहाणी माझी ती. आज कुणीच टच नाही करायचं. बाबांनीसुद्धा नाही.”

पेटी म्हणजे जुना सोलर कुकर. सुटकेसएवढा पत्र्याचा खोका, आतून काळा, वर दुहेरी काच आणि त्या काचेवर उघडणारा आरशाचा दरवाजा. आरशाने जयपूरचं ऊन गोळा करून आत ओतायचं आणि काळ्या डब्यांनी ते पिऊन टाकायचं, एवढाच त्याचा कारभार. ना वायर, ना गॅस, ना आवाज.

आज रथसप्तमी. सकाळी याच गच्चीवर निशिगंधाने सूर्याचा रथ काढला होता. सात घोड्यांपैकी दोन मांजरासारखे झाले होते, आणि उत्कर्षाने ते लगेच ओळखलं होतं. गोवरीच्या तुकड्यांवर बोळक्यात दूध ठेवून, सूर्याकडे तोंड करून ते उतू घातलं होतं. बोळक्यात जे उरलं ते तिने सरळ पावाच्या पिठात ओतलं, मळलं, आणि पातेलं जयपुरी रजईत गुंडाळून पलंगावर ठेवलं. निनादने ऑफिसला निघताना त्या गाठोड्याकडे बघून विचारलंही होतं, “बाळाला ताप आहे का?”

“हस तू. संध्याकाळी मागायला येशील तेव्हा बघते.”

“मागणारच. पण प्लॅन बी काय आहे तुझा? बारा बायका येणार, आणि तुझा सूर्यदेव रुसला तर?”

“प्लॅन बी नाही,” ती म्हणाली.

आणि खरंच नव्हता. महाराष्ट्र मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर तिने पंधरवड्यापूर्वी, बाकीच्यांचे स्टीलचे चमचे, कापडी पिशव्या आणि साबणदाण्या वाचता वाचता, एका झटक्यात लिहून टाकलं होतं: ‘यंदा माझ्याकडचं वाण, उन्हात भाजलेला पाव. रथसप्तमीला चार वाजता, गरम असतानाच यायचं!’ त्यावर टाळ्यांची चित्रं आली, फुलं आली. मंदाकिनीकाकूंनी मात्र दोनच शब्द लिहिले. ‘पाव? बरं.’

ते ‘बरं’ निशिगंधाच्या टाचेत काट्यासारखं मोडून बसलं होतं.

मंदाकिनीकाकू मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. मूळ अकोल्याच्या. यजमान विमा कंपनीत होते, बदल्या करत करत जयपूरला आले, निवृत्त झाले आणि इथलेच होऊन गेले. नवीन कोणी आलं की ओळख करून द्यायचं काम काकूंचं. “ह्या अमक्या, बँकेत आहेत. ह्या तमक्या, कोचिंगला गणित शिकवतात.” आणि निशिगंधाजवळ आल्या की, “ही निनादची मिसेस. घरीच असते.”

त्यात खोटं काही नव्हतं. वाईट हेतू तर नव्हताच. पुण्यात ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताच्या थेंबात काय दडलंय ते शोधायची. निनादला मालवीय नगरमधल्या ऑफिसात मोठी जागा मिळाली तेव्हा उत्कर्षा मांडीवर होती. एखादं वर्ष बघू, म्हणून ती घरी राहिली. ते एखादं वर्ष संपायचं नाव घेईना. शास्त्री नगरच्या या भाड्याच्या मजल्यावर ती सगळं करत होती, आणि कुणी विचारलं की “काही नाही, घरीच,” असं स्वतःच सांगत होती.

पावाचं खूळ कऱ्हाडचं. तिच्या माहेरच्या गल्लीत बेकरी होती. पहाटे लादी फोडल्याचा चर्र आवाज यायचा आणि पाठोपाठ वास. इथे पाव मिळत नाही असं नाही, पण चहात बुडवला की तो तळाशी जाऊन बसतो. म्हणून तिने पुण्याहून छोटा ओव्हन आणला. पहिल्याच दिवशी बटण दाबलं आणि खालच्या-वरच्या दोन्ही मजल्यांवर अंधार. खाली घरमालकीण संतोष आंटींची मालिका अगदी रंगात आलेली.

“बेटा,” आंटी जिन्यातूनच ओरडल्या होत्या, “ये तेरी भट्टी हमारे मीटर पे नहीं चलेगी! लोड नहीं लेता!”

तेव्हापासून ओव्हनमध्ये उत्कर्षाच्या बाहुल्या राहतात.

पेटी सापडली दिवाळीच्या आवराआवरीत. जिन्याच्या डोक्यावर जी खोली असते तिला इथे ममटी म्हणतात. आंटींच्या ममटीत जुन्या कूलरच्या मागे ती धूळ खात पडली होती. “वो? तुम्हारे अंकलजी लाए थे,” आंटी म्हणाल्या. “एक बार चावल बनाए. बोले, संतोष, देख, मुफ़्त की आग. दूसरे दिन आँधी आ गई. फिर किसने बनाना था.” अंकल जाऊन बराच काळ झाला होता. आंटींनी पदराने आरशाचा एक कोपरा पुसला, त्यात बघून केस सारखे केले, आणि “ले जा,” म्हणाल्या.

मग सुरू झाला तमाशा.

पहिला पाव कच्चा राहिला. कारण घरातल्या प्रत्येकाला झाकण उघडून बघायचं होतं. निनाद “जरा बघतो,” म्हणून उघडायचा, उत्कर्षा उघडायची, आंटी वर कपडे वाळत घालायला आल्या की “देखूँ तो,” म्हणून उघडायच्या. कणकेत बोट घालून बघायची सवय पिढ्यानपिढ्यांची, पण या पेटीत एकदा झाकण उघडलं की सकाळपासून साठवलेली धग भस्सकन बाहेर. संध्याकाळी डब्यात कोमट लगदा.

दुसरा संक्रांतीला. आणि जयपूरची संक्रांत म्हणजे काय विचारता! अख्खं शहर गच्चीवर. स्पीकर, तिळाचे लाडू, फीणी, “वो काटा!”चा गजर, आणि प्रत्येक पतंग उडवणाऱ्याची सावली नेमकी पेटीवर. तिने जिद्दीने पेटी इकडून तिकडे फिरवली. पाव फुगला, शिजला बहुतेक, पण पांढराफटक. कऱ्हाडचा पाव कसा, वरून बदामी, तांबूस! तो रंग येईपर्यंत काढायचाच नाही, म्हणून तिने तो ऊन उतरेपर्यंत आतच ठेवला. रंग आला नाही. संध्याकाळी डबा उपडा केला तर ठण्ण आवाज आला. गल्लीतल्या गाईसमोर ठेवला, तिने हुंगला, आणि शांतपणे पाठ फिरवली. निनाद अजूनही आल्यागेल्याला ती गोष्ट सांगतो.

पण आज सगळं जुळून आलं होतं. आकाश धुतल्यासारखं निळं. वारा पडलेला. पेटी सकाळपासून रिकामीच तापवलेली. डबे तेलाने पुसलेले, गोळे बेताचे. निशिगंधा पेटीभोवती मांजरीसारखी घुटमळत होती. काचेच्या आतल्या बाजूला वाफेचे बारीक थेंब धरले, आणि तिला नाचावंसं वाटलं. उत्कर्षा तर नाचतच होती.

“आई,” एकदम थांबून उत्कर्षा म्हणाली, “ही सावली माझी नाहीये.”

पेटीच्या एका कोपऱ्यावर काळी पट्टी आली होती.

निशिगंधाने वर पाहिलं. शेजारच्या गुलाबभाभींच्या घरावर नवा मजला चढत होता. दोन घरांमध्ये हात लांबवला तर पोचेल एवढीच फट. काल ती भिंत कमरेपर्यंत होती, आणि तिने खडूने गच्चीवर खुणा करून ठेवल्या होत्या की सावली दुपारी कुठवर येते. आज मिस्त्री लवकर आले होते. दोघे होते, हात जोरात चालला होता. मध्ये खिडकीसाठी चौकोन सोडून दोन्ही बाजूंनी विटा वर वर जात होत्या. एक थर, सिमेंट, दुसरा थर. आणि प्रत्येक थराबरोबर इकडे गच्चीवर सावलीची पट्टी बोटभर पुढे.

तिने पेटी मागे ओढली. पट्टी मागून आली. पुन्हा ओढली.

“भाभीजी!” ती कठड्याशी जाऊन ओरडली.

गुलाबभाभी खिडकीच्या चौकोनात आल्या. हातात चहाची किटली. गोऱ्यापान, हसऱ्या, डोक्यावर बांधणीचा पदर.

“हाँ बेटा?”

“भाभीजी, एक बात थी. ये दीवार... दो घंटे रुक सकती है क्या? मतलब, सिर्फ़ आज. मेरी ब्रेड है धूप में.”

गुलाबभाभींनी मिस्त्रींकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. पण त्या हसण्यात कुजकेपणा नव्हता. “ब्रेड के लिए दीवार रोक दूँ? अरे बेटा, लड़के की शादी है बैसाख में। बहू को कमरा चाहिए कि नहीं? अमावस को तो ये लोग वैसे ही छुट्टी कर लेते हैं, आज बड़ी मुश्किल से हाथ आए हैं।”

“नहीं नहीं, ठीक है। ठीक है, भाभीजी।”

ठीकच होतं. सुनेला खोली हवीच. तिलाही कधीकाळी हवी होती. पण मागे वळली तेव्हा निशिगंधाचे कान तापले होते. तिला आत्ताच कळलं होतं की प्रश्न आजच्या दोन तासांचा नाही. या भिंतीवर स्लॅब पडेल, त्यावर पाण्याची टाकी येईल. पुढच्या हिवाळ्यात या गच्चीवर ऊन नसेल. जे काही करायचं ते आज.

“काय करून राहिली गं तू इथं? खाली कोणीच नाही, दार सताड उघडं!”

जिन्याच्या तोंडाशी मंदाकिनीकाकू उभ्या होत्या. अंगावर मोरपिशी इरकल, खांद्यावर शाल, नाकात नथ, हातात पर्स, आणि पाच पायऱ्यांनंतर लागलेला दम. “म्हटलं, एकटी पोर आहे, लवकर जावं, हळदीकुंकवाचं ताट-बीट लावून द्यावं. झाला का तुमचा पाव?”

“नाही झाला, काकू.” निशिगंधाने पेटी पुन्हा वीतभर मागे ओढली. “आणि आता होईल असं वाटत नाही. ऊनच चाललंय.”

काकूंनी पर्स ठेवली. त्या पेटीपाशी आल्या, वाकून काचेतून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“अगं, हा तर मस्त टुम्म झाला आहे!”

“झाकण उघडू नका, काकू!”

“मी कुठं उघडते? ओरडून काय राहिली माझ्यावर!” मग त्या सरळ उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून चारी दिशांना नजर टाकली. सगळी गच्ची सावलीत चालली होती. फक्त ममटीच्या सपाट छपरावर ऊन लख्ख होतं. तिथे जायला भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी. “वर न्यायची ही.”

“वर? इतकी जड, इतकी गरम? शिवाय आंटींच्या मंगोड्या आहेत तिथे.”

आंटींच्या मंगोड्या म्हणजे मुगाच्या डाळीचे वाळवलेले सांडगे, आणि त्यांचं राज्य ममटीवर. वर्षाची बेगमी. त्यांच्याजवळ कबुतरालासुद्धा बसायची परवानगी नव्हती. उत्कर्षा तोवर खाली धावलीही होती. “आंटी! आंटी! ब्रेड मर रहा है!” हा पुकारा दोन्ही मजल्यांत घुमला, आणि संतोष आंटी गुडघ्यावर हात ठेवत, एकेका पायरीला “हे राम” म्हणत वर आल्या.

“कौन मर रहा है?”

निशिगंधाने ममटीकडे बोट केलं. “आंटी, ऊपर... बस थोड़ी देर...”

“ऊपर मेरी मंगोड़ी हैं,” आंटी म्हणाल्या.

पलीकडे विटेवर थापी टक् टक् वाजली. पेटीच्या आरशात आता अर्ध निळं आकाश होतं आणि अर्धी भिंत. आंटी त्या आरशाकडे बघत राहिल्या. मग शिडीचा खालचा दांडा दोन्ही हातांनी पकडून म्हणाल्या, “खड़ी क्या है छोरी? चढ़, चादर समेट ले। मंगोड़ी कल सूख जाएँगी। अंकलजी की पेटी है, बरसों बाद कुछ बनने को आया है इसमें!”

पुढचा प्रकार ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटायचा नाही. निशिगंधा वर चढली, मंगोड्यांच्या चादरीची चारी टोकं धरून गाठोडं खाली दिलं. धग जाऊ नये म्हणून पेटीचा आरसा मिटून ती सकाळच्याच रजईत गुंडाळली, वरून जुन्या साडीने बांधली. आणि मंदाकिनीकाकूंनी खांद्यावरची शाल काढली, गोल गोल वळवून चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली.

“काकू, तुम्ही?”

“मग कोण? तू वरून ओढशील, पोर खाली नाचेल, ह्या शिडी धरतील. डोकं कोणाचं मोकळं आहे?” नथ सावरून त्या म्हणाल्या, “लगन होईपर्यंत विहिरीवरून पाण्याचे दोन-दोन गुंड डोक्यावर आणले मी. आडवी नको करू, सांडशील पाव. उचला!”

“उठाओ!” आंटींनीही आवाज दिला.

इरकलीतल्या मंदाकिनीकाकू डोक्यावर पेटी घेऊन शिडीची एकेक पायरी चढत होत्या. वरून निशिगंधा पोटावर पडून साडीची गाठ खेचत होती. आंटी खालून “धीरे, धीरे, जै माताजी,” म्हणत शिडीला मिठी मारून उभ्या होत्या. पलीकडच्या भिंतीवर दोन्ही मिस्त्री थापी हातात तशीच धरून बघत होते. आणि खिडकीच्या चौकोनात गुलाबभाभी, तोंडावर हात ठेवून. पेटी ममटीच्या कडेवर टेकली, तिने ओढली, आणि खालून तिघींची आरोळी उठली. संक्रांतीला पतंग कापल्यावर उठते तशीच.

“वो काटा!” उत्कर्षा किंचाळली.

ममटीवर रजई सोडली, आरसा उघडला, फिरवला. ऊन चटका बसावा असं काचेवर येऊन आदळलं. निशिगंधा तिथेच, पेटीशेजारी मांडी घालून बसली. डोक्यावर ऊन, खाली शहर. गच्च्याच गच्च्या, काळ्या टाक्या, अँटेनांना लटकलेले फाटके पतंग, आणि लांबवर नाहरगड किल्ल्याची भिंत. वर आभाळाखेरीज कोणी नव्हतं. लॅब सोडल्यापासून आपण इतका वेळ एका गोष्टीवर डोळे लावून बसलो नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला खूप बरं वाटलं.

आता रंग. ती वाट बघू लागली. पाव टपोरे झाले, एकमेकांना चिकटले, वरची कातडी कोरडी झाली, पण रंग येईना. दुधाळ, फिका. खालून काकूंची हाक, “झाला का गं?” वर हिचा जीव टांगणीला. काढावा तर कच्चा, ठेवावा तर धोंडा. एवढा जिवाचा आटापिटा करून वर आणलेला पाव पुन्हा गाईसमोर!

तिने डोळे मिटले आणि वास घेतला. आणि एकदम बेकरीची पहाट आली. करपल्याचा नव्हे, कच्च्या पिठाचाही नव्हे, तो वास. मग तिला उन्हाळ्यात घेतलेला माठ आठवला. कुंभाराकडे उभं राहून तिने एकेक माठ बोटाच्या पेराने वाजवून बघितला होता. रंग तर सगळ्यांचा सारखाच होता. मडकं पक्कं की कच्चं, ते रंग कुठे सांगतो? तिने झाकण उघडलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. फडक्याने एक डबा बाहेर काढला, लादी हातावर उपडी केली आणि तिच्या बुडावर पेराने वाजवलं.

ठक ठक. पोकळ, गोड आवाज.

“झाला!” ती उभी राहून ओरडली. “काकू, आंटी, झाला! हो गया!” खाली उत्कर्षाने गच्चीभर पळत सुटून त्या सूर्याच्या रथावरून दोनदा चक्कर मारली आणि मांजरांसारखे घोडे कायमचे पुसून टाकले.

चार वाजता बायका आल्या तेव्हा खालच्या खोल्या सोडून त्या गच्चीवरच बसल्या. अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, आणि पांढऱ्या रुमालाखाली पाव. लादी फोडली आणि तो चर्र आवाज आला. हलका, पण आला. “रंग कसा गं असा?” कुणीतरी विचारलं. मंदाकिनीकाकू म्हणाल्या, “रंग काय बघून राहिली? खाऊन बघ आधी. डोक्यावरून चढवला आहे मी.” मधुमती नावाची एक नवीन मुलगी आली होती, नवऱ्याची नुकतीच सिव्हिल लाइन्समध्ये बदली झालेली. काकूंनी तिला रीतीप्रमाणे ओळखी करून दिल्या. ह्या बँकेत, ह्या कोचिंगला. निशिगंधापाशी आल्या आणि तोंडात घास होता म्हणून जरा थांबल्या. “आणि ही निशिगंधा,” घास गिळून त्या म्हणाल्या. “ही उन्हात पाव भाजते.”

निशिगंधाने पटकन खाली वाकून कोयरीतलं कुंकू सारखं केलं.

निनाद लवकर आला. हेल्मेटमागे काहीतरी लपवत होता. उत्कर्षाने ते दोन मिनिटांत शोधून काढलं: बेकरीतले दोन डझन पाव, प्लास्टिकच्या पिशवीत.

“प्लॅन बी,” तो कान पकडून म्हणाला.

“गाईला घाल,” निशिगंधा म्हणाली, आणि सगळ्या खो-खो हसल्या. आंटींना अर्थ कळला नव्हता, तरी त्या सगळ्यांत जास्त हसल्या. मग रुमालातला एक पाव त्यांनी पदराखाली घेतला आणि खाली गेल्या. थोड्या वेळाने खाली देवघरातली घंटा वाजली. अंकलजींचा फोटो तिथेच आहे.

बायका निरोप घेऊ लागल्या तेव्हा निशिगंधाला पलीकडच्या चौकोनात बांधणीचा पदर दिसला. मिस्त्री हात धुवून निघाले होते. भिंत माथ्याच्या वर गेली होती. गुलाबभाभी एकट्याच खिडकीच्या जागेत उभ्या राहून इकडची वर्दळ बघत होत्या.

ती कोयरी आणि एक पाव घेऊन कठड्याशी गेली.

“भाभीजी, इधर आइए. थोड़ा झुकिए.”

त्या वाकल्या. हीही वाकली. मधल्या फटीवरून हात लांबवून तिने त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, आणि पाव हातात दिला.

“ये क्या?”

“आज के दिन देते हैं हमारे में. घर का है. धूप में बना है.”

“धूप में? कहाँ की धूप में?”

“यहीं की,” निशिगंधा म्हणाली.

गुलाबभाभींनी गच्चीकडे पाहिलं, मग आपल्या ओल्या भिंतीकडे. पाव त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“गरम है अभी तक।”

“हाँ.”

“शादी में आना है सबको। बच्ची को भी लाना।”

“आएँगे, भाभीजी.”

त्या पदर सावरत मागे वळल्या. त्यांनी जागा सोडली तसं त्या चौकोनातून उतरतं ऊन इकडे आलं, कारण आत अजून वर स्लॅब नव्हता. सावलीने भरलेल्या गच्चीवर, पेटीसाठी केलेल्या खडूच्या खुणांजवळच, उन्हाचा एक चौकोन पडला. उशीएवढा.

निशिगंधा ममटीवर गेली. तिने डबे काढले, काच पुसली, आरसा पुसला आणि पेटी मिटली. खाली बघितलं तर उत्कर्षा पावाचा तुकडा घेऊन त्या चौकोनात जाऊन बसली होती. आपल्याच तंद्रीत पावाचा मऊ पांढरा गर बोटाने उकरून खात होती. चौकोन सरकला की तीही, वर न बघता, बसल्याबसल्या वीतभर सरकत होती.